ओली होडी

धाकट्याचं पत्र आलं तेव्हा तळ्याचं पाणी अजून खालच्या पायरीला लागलेलं होतं. पाकिटात पत्राबरोबर एक कोरं कार्डही होतं. तिकीट लावलेलं, आणि पत्ताही धाकट्याच्याच मोठ्या, डावीकडे कललेल्या अक्षरात लिहून ठेवलेला. 'दादा, तुला लिहायचा कंटाळा नाही, पाठवायचा आहे. म्हणून कार्ड सोबत देतोय. हो किंवा नाही, एवढंच लिही आणि पेटीत टाक.'

थोरल्यांनी ते कार्ड हातातल्या पुस्तकात खुणेला ठेवलं. ते पुस्तक संपलं तेव्हा कार्ड दुसऱ्यात गेलं, तिथून तिसऱ्यात. तोवर बांधाची दारं उघडली होती. दुरुस्तीसाठी तळं रिकामं करायचं होतं, वर्षभर तरी पाणी येणार नव्हतं. पाणी पायऱ्या सोडून खाली गेलं, मागे शेवाळलेला, साबणासारखा गुळगुळीत चिखलाचा उतार उघडा पडला. कार्ड कोरंच राहिलं.

होडी वडिलांची. वडिलांनंतर ती धाकट्याने चालवली, कारण थोरल्यांना वाचनालयाची किल्ली मिळाली होती आणि त्यांना ती पुरत होती. पुढे वाचनालय बंद पडलं, तिथली पुस्तकं खोक्यांत भरून थोरल्यांच्या ओसरीवर आली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी धाकटा दूरच्या मोठ्या तळ्यावर काम बघायला निघाला. भांडण झालं असतं तर पुढे कधी समेट तरी करता आला असता. तसं काहीच झालं नाही. धाकटा दारात उभा राहून म्हणाला, "दादा, मी जातो," आणि थोरले म्हणाले, "बरं." धाकटा आणखी थोडा वेळ दारात उभा होता. मग गेला.

तेव्हापासून होडी थोरले चालवत. वल्ही मारायला ते काही अगदीच वाईट नव्हते, पण हाक मारता येत नसे. पलीकडच्या काठावर कोणी थांबलेलं दिसलं की होडीवाल्याने पाण्यावरून आवाज द्यायचा असतो, येतोय म्हणून. थोरले नुसता हात वर करत. निम्मे लोक ते बघायचेच नाहीत आणि बांधावरून चालत जायचे.

पत्रात धाकट्याने लिहिलं होतं, 'तिथे पाणी नसलं तर होडी उन्हात तडकून जाईल. इकडचं तळं आटत नाही, उतारूही आहेत. होडी आणायची सोय मी करतो. पण एकटी होडी नको. तू आणि वहिनी आलात तरच.'

हो लिहावं तर आपण आश्रयाला चाललो असं दिसेल, नाही लिहावं तर ताठा दिसेल. आणि तिथे जाऊन आपण करणार काय, हा प्रश्न तर कुठल्याच कार्डावर मावण्यासारखा नव्हता. थोरले मनातल्या मनात उत्तर लिहीत, खोडत, ओसरीवरून अंगणात येत, तळं किती खाली गेलं ते बघत आणि परत आत जात. त्यांची बायको हे सगळं बघायची आणि काही बोलायची नाही. त्या घरात बोलण्याची फारशी रीतच नव्हती.

शेवटी धाकट्याची मुलगी आली. वरच्या रस्त्यावर उंच, मळकी एसयूव्ही थांबली, मागे रिकामा ट्रेलर. पुतणी जमीनमोजणी करणाऱ्या कंपनीत गाडी चालवायची. डोंगर, नदीपात्र, शेतं, जिथे रस्ता नाही तिथे माणसं पोचवायची, हेच तिचं काम.

"काका, तुमचं उत्तर नाही आलं," ती बूट काढत म्हणाली.

"हो, म्हणजे, लिहायचं होतं."

"बाबा म्हणाले, दादा नाही म्हणाला असता तर लिहिलं असतं. लिहिलं नाही म्हणजे हो."

"असं म्हणाला?"

"काकू म्हणते तसंच म्हणाले. घुम्याचं मौन म्हणजे होकारच."

बायको आतून म्हणाली, "मी कधी असं म्हटलं गं?"

"माझ्या आईजवळ. दर दिवाळीला नाही का फोन करायचीस?" पुतणी हसली आणि गंभीर झाली. "गाडी ऑफिसची आहे. आज आणि उद्या, एवढीच सुट्टी मिळालीय. उद्या दुपारपर्यंत होडी वर रस्त्याला लागली पाहिजे. परवा खाली ट्रेलर घालायला पाणीच उरणार नाही."

थोरले चष्मा पुसत राहिले. होडीबरोबर आपण जायचं की नाही हे कोणी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

मदतीला सुतार आला. त्याला सगळे पाचर म्हणत, कारण कुणाच्याही बोलण्यात मधेच ठोकून बसायची त्याला सवय होती. होडीच्या फळ्या त्यानेच दोनदा बदललेल्या, त्यामुळे होडी जाणार म्हणजे आपल्याच घरातलं कोणी जाणार अशा थाटात तो उतारावर फेऱ्या घालत होता.

"एवढी मोठी गाडी," तो म्हणाला, "आणि आत माणूस एकच? बैल तरी दोन लागायचे."

"चारही चाकांना जोर आहे हिच्या," पुतणी म्हणाली.

"जोर असेल. जमीन कुठाय?"

पुतणीने वाद घातला नाही. उतार चालून बघितला, टाचेने चिखल दाबून बघितला, आणि पायऱ्यांच्या कडेने, जिथे बारीक खडी मिसळलेली होती तिथून गाडी खाली घेतली. आरशात बघत ट्रेलर मागे मागे नेला, त्याची चाकं पाण्यात बुडेपर्यंत. थोरले आणि पाचर गुडघाभर पाण्यात उभे राहून होडी दोराने ओढत ट्रेलरवर आणू लागले. पाण्यातून ट्रेलर दिसत नव्हता. पायाने चाचपायचा आणि होडीचं नाक त्याच्या मधोमध धरायचं. एकदा नाक सटकलं आणि थोरले पाण्यात बसलेच. चष्मा डोक्यावर गेला. पाचर म्हणाला, "थोरले, पोहायला नंतर या." थोरलेही हसले, पण कान गरम झाले.

मग होडी बसली. पट्टे आवळले. गाडीने तिला पाण्याबाहेर, धुण्याच्या रुंद दगडांपर्यंत ओढून आणलं. एरवी पोटापर्यंत पाण्यात असलेली होडी कितीतरी दिवसांनी सगळीच्या सगळी दिसली. मोठी दिसली, आणि जरा लाजल्यासारखी.

वर खरा चढ होता. तेवढ्यात भुरभुर सुरू झाली. पुतणीने आभाळाकडे बघितलं. "आत्ता नको. निम्म्यावर अडकलो तर गाडीही जाईल आणि नोकरीही. सकाळी." तिने ट्रेलरच्या चाकांना दगड लावले, होडीवर ताडपत्री बांधली, गाडी सोडवून वर नेली.

संध्याकाळी थोरले ओसरीवर पुस्तक उघडून बसले होते. भुरभुर थांबली होती, वारा सुटला होता. त्यांना दिसलं, बायको बादली घेऊन उतार उतरतेय. दगडावर चढून तिने ताडपत्रीचं टोक उचललं आणि बादली आत ओतली. पुन्हा पाण्याशी गेली, पुन्हा आली. त्या घरची ती पद्धतच होती. होडी काठावर काढली की तिला आतून पाणी पाजायचं, टाचा बुडतील एवढं. म्हणजे फळ्या सुकत नाहीत, फटी पडत नाहीत. हे काम घरातल्या बाईचं. आधी आईने केलं, मग हिने. पुरुष तिकडे बघतही नसत.

पण तेव्हा होडी ओंडक्यांवर असायची, चाकांवर नाही. एवढं पाणी म्हणजे किती वजन, हे थोरल्यांच्या डोक्यात आलं. सांगावं का? पुतणीला माहीत असेल. हिलाही कळत असेल. आपण तोंड उघडायचं आणि आपलंच चुकायचं. बायको अंधार पडेपर्यंत बादल्या वाहत होती. थोरल्यांनी पान उलटलं. आधीचं वाचलेलं नव्हतं.

सकाळी आभाळ खाली आलेलं होतं. पुतणीने टायरमधली थोडी हवा सोडली. "पसरट झाली की जास्त धरतात," ती म्हणाली. पाचरने जुनी पोती आणून चढावर अंथरली आणि हातात लाकडाची जाड पाचर घेऊन ट्रेलरच्या चाकापाशी उभा राहिला. "नावाला जागतोय," असंही वर म्हणाला.

गाडी जोडली. पुतणीने कमी गिअर टाकून हळूच दाब दिला. ट्रेलर दगडांवरून उतरला, चिखलात आला, दोन-चार हात वर गेला. मग गाडीची मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, मग पुढचीही. चिखलाचा फवारा उडाला आणि थोरल्यांचा चष्मा भरला.

"दाबू नकोस, दाबू नकोस," पाचर ओरडला.

"दाबत नाहीये," खिडकीतून उत्तर आलं. "मागची चाकं हलकी लागतायत. उचलल्यासारखी. पोती सरकवा."

पोती चाकांखाली सारली. गाडीने पोतं गिळलं आणि मागे थुंकलं. तिसऱ्यांदा ती थोडी वर गेली, तिथून तिरकी झाली, आणि तोंड वर ठेवूनच मागे सरकू लागली. ब्रेक लागलेला होता, चाकं थांबलेली होती, तरी सरकत होती. आवाज नाही, काही नाही. नुसती ओल्या काचेवरून बशी सरकावी तशी. पाचरने चाकामागे लाकूड टाकलं. लाकूडही चाकाबरोबर घसरायला लागलं.

थोरले बाजूला उभे होते. त्यांनी चष्मा शर्टाला पुसून लावला आणि त्यांना दिसलं, बायको खाली धुण्याच्या दगडाशी, ट्रेलरच्या बरोबर मागे उभी आहे. हातात बादली. होडीच्या बुडाकडे मान वाकडी करून बघतेय.

"ए!" थोरले ओरडले. "बाजूला हो!"

तो आवाज तळ्यावरून पलीकडच्या काठाला आपटून परत आला. बायकोने आधी वर पाहिलं, कोण ओरडलं म्हणून. मग बादली टाकून उडी मारली. ट्रेलर आला, बादली चेपली आणि दगडाला टेकून थांबला.

गाडीचं इंजिन बंद झालं. पुतणी उतरून ट्रेलरशी आली.

"होडीत पाणी आहे," थोरले म्हणाले.

"काय?"

"काल संध्याकाळी. मी बघितलं. बोललो नाही."

पाचरने ताडपत्री उचलली. चढामुळे सगळं पाणी होडीच्या मागच्या अंगाला गोळा झालं होतं, पार बाकाच्या फळीपर्यंत. फळ्यांच्या सांध्यातून एक बारीक धार बाहेर येत होती. बायको वाकून बघत होती ती हीच.

"काकू," पुतणी म्हणाली, "सगळं वजन मागे. मागून ट्रेलर खाली दबला की त्याचं पुढचं टोक माझ्या गाडीची मागची बाजू उचलतं. चाकं टेकली नाहीत तर चारांना जोर असून काय करू?"

"मग मला सांगायचं," बायको म्हणाली. ती अजून धापा टाकत होती.

"तू पाणी भरलंस हे तू सांगितलंस का?" पुतणीने विचारलं.

"होडी बाहेर काढली की पाणी घालायचं असतं. त्यात सांगायचं काय? एवढ्या लांब वाऱ्यात जाणार ती. कोरडी गेली तर तिथे चाळणी पोचेल." मग ती नवऱ्याकडे वळली. "तुम्ही न बोलता कार्ड कोरं ठेवलंत, मी न बोलता पाणी भरलं. ती तिथे धड पोचावी म्हणून भरलं. आता काय ते समजा."

थोरल्यांना एकदम खूप काही समजलं आणि कुठे बघावं ते समजेना. ते चेपलेल्या बादलीकडे बघत राहिले.

"पाणी सोडायचं बूच कुठाय हिला?" पुतणीने विचारलं.

"बूच?" पाचरला राग आला. "होडीला मुद्दाम भोक पाडायचं? मी सुतार आहे, उंदीर नव्हे."

मग सगळे पाणी उपसायला लागले. तपेली, डबे, घरात मिळेल ते. थोरले होडीत उभे राहून भरून देत, बाकीचे ओतत. कंबर भरून आली, बोटांची टोकं पांढरी पडली. पाणी गेलं तशी बायकोने जुन्या चादरी आणि पोती तळ्यात बुडवून आणली, आतल्या फळ्यांवर, सांध्यासांध्यांवर दाबून बसवली, जखमेवर पट्टी बसवावी तशी. "वाटेत दिसेल तिथे थांबून यांच्यावर पाणी मारायचं," तिने पुतणीला बजावलं. "विसरशील."

"तू असशील ना आठवण करायला?"

बायकोने चादरीचं टोक जास्तच जोरात दाबलं.

दिवस चढत होता, आभाळ पुन्हा भरत होतं. पुतणीने गाडीच्या मागच्या बाजूवर दोन्ही हात टेकून दाबून बघितलं. "अजून हलकी आहे. हिच्यात मागे वजन पाहिजे."

"पायऱ्यांचे दगड घाल," पाचर म्हणाला.

"सीट फाटल्या तर ऑफिस मला फाडेल. चौकोनी, नीट रचता येईल असं काही आहे का घरात? जड?"

"आमच्या घरात जड वस्तू दोनच," बायको म्हणाली. "एक पुस्तकांची खोकी, दुसरे हे."

पाचर एवढा हसला की त्याला खाली बसावं लागलं. थोरलेही हसले असते, पण ते ओसरीकडे निघालेही होते.

एक एक खोकं त्यांनी छातीशी धरून आणलं. उतार पाय ठरू देत नव्हता. टाचा रोवून, तिरकं चालत. दोनदा घसरले, पण खोकं वरच धरून घसरले. पाचर खोकी घेऊन आत रचत होता. "हे काय आहे? विटा?" "प्रवासवर्णनं," थोरले म्हणाले. "प्रवास एवढा जड असतो होय."

ओसरी रिकामी झाली. खोक्यांच्या जागी भिंतीवर फिके चौकोन उरले.

"काका, तुम्हीपण बसा. मागे, खोक्यांवर," पुतणी म्हणाली. "शक्य तितकं मागे."

थोरले वाकून आत शिरले आणि खोक्यांवर बसले. डोकं छताला लागत होतं. मागच्या काचेतून त्यांना होडीचं नाक अगदी जवळ दिसत होतं, आणि ट्रेलरच्या एका चाकाशी पाचर, दुसऱ्या चाकाशी हातात दगड घेतलेली बायको.

"मागे उभी राहू नकोस," त्यांनी बाजूची काच खाली करून सांगितलं. आवाज पुन्हा मोठाच निघाला.

"कळलं," ती म्हणाली. "ऐकू येतं मला."

इंजिन चालू झालं. चाकं एकदा फिरली, थोडी फिरली. मग खालून खोक्यांना एक धक्का बसला आणि गाडीने जमीन धरली. ते त्यांना सीटमधून नाही, पुस्तकांमधून कळलं. पुतणी पुढे न बघता खिडकीतून चाकाकडे बघत होती, ओठ आवळून. गाडी इतकी हळू चढत होती की काठावरचं गवत एक एक पातं मोजता आलं असतं. पाचर आणि बायको पावलापावलाला चाकामागे लाकूड आणि दगड सरकवत होते. मधे एकदा मागचं चाक फिरलं. थोरल्यांनी नकळत दोन्ही हातांनी खोकी खाली दाबली, जणू त्याने काही होणार होतं. चाकाने खडी गाठली. गाडीचं नाक वर गेलं, आडवं झालं, आणि वरच्या रस्त्याची खडखड सुरू झाली.

गाडी रस्त्याच्या कडेला, बंद वाचनालयाच्या कोपऱ्यावर उभी राहिली. पुतणी स्टिअरिंगवर डोकं टेकून जराशी तशीच बसली. पाचर वर आला आणि सगळ्या टायरना एकेक थाप देऊन आला, जनावरांना द्यावी तशी. "बैल बरे होते," तो म्हणाला, "पण हीही वाईट नाही."

बायको आली. गुडघ्यापर्यंत चिखल, केसांत चिखल. हातही न पुसता तिने आधी होडीतल्या चादरी चाचपून बघितल्या.

पुतणीने मागचं दार उघडलं. "चला, खोकी उतरवू या? आता वजनाची गरज नाही. सपाट रस्ता आहे."

थोरले अजून आतच बसलेले होते. खाली तळ्याच्या मधोमध उरलेलं पाणी दिसत होतं, एखाद्या ताटात सांडल्यासारखं. घर दिसत होतं, रिकाम्या ओसरीसकट. त्यांनी बायकोकडे पाहिलं. "काय म्हणतेस?"

"मला काय विचारता? मी कालच भरलं ना पाणी."

पाचर तोंड उघडणार होता. त्याने ते मिटलं. बहुधा जन्मात पहिल्यांदाच.

"राहू देत," थोरले म्हणाले. "खोकी राहू देत. परत कोण चढवणार."

"म्हणजे?" पुतणीने विचारलं.

"म्हणजे तिथेच उतरवू. तुझ्या बाबाला लावू कामाला."

बायको लगेच वळली. "कपडे घेऊन येते. कुलूप लावते. चहाचं भांडं राहिलंय चुलीवर." ती उतारावरून जवळजवळ पळतच गेली, ज्या उतारावर सकाळपासून कुणाचा पाय ठरला नव्हता.

थोरल्यांना मात्र चैन पडेना. ते खोक्यांवर गुडघे टेकून काहीतरी शोधू लागले. हे खोकं काढ, ते सरकव. पुतणी म्हणाली, "काका, रचलेलं पाडाल." शेवटी तिसऱ्या थरातल्या एका जाड पुस्तकातून त्यांनी कार्ड बाहेर ओढलं. एक कोपरा भिजला होता, पण धाकट्याच्या हातचा पत्ता शाबूत होता.

गाडीचं बॉनेट अजून गरम होतं. त्यावर कार्ड ठेवून ते लिहायला वाकले. इतके दिवस मनात लिहिलेलं आणि खोडलेलं सगळं एकदम आठवलं, आणि त्यातलं काहीच कामाचं नव्हतं. पाचरने कानावरची पेन्सिल पुढे केली; चिखलाच्या हाताने पेन धरवत नव्हतं.

'होडी ओलीच आणतोय,' त्यांनी लिहिलं. थोडं थांबून त्याखाली लिहिलं, 'आम्ही दोघंही.'

टपालपेटी वाचनालयाच्या भिंतीलाच होती. एवढी वर्षं रोज तिच्यासमोरून किल्ली घेऊन जायचे.

"काका," पुतणी म्हणाली, "आपण आज रात्रीच पोचू. हे कार्ड पोचायला आठवडा लागेल. हातात द्या ना त्यांच्या."

"नको," थोरले म्हणाले. "त्याने पेटीत टाक म्हटलं होतं."

त्यांनी कार्ड फटीत घातलं आणि सोडून दिलं. ते खाली पडल्याचा आवाज ऐकायला ते कान लावून उभे राहिले. मागे बायको हातात गाठोडं आणि पाण्याने भरलेली, चेपलेली बादली घेऊन वर येत होती, आणि पाचर तिच्या हातातली बादली घ्यायला धावला होता.